सरांची शनिवारची सभा

ज्या माणसानं मला रबराची गरम पाण्याची पिशवी दुपट्यात गुंडाळून, बाळासारखी छातीशी धरून, पन्हाळ्याच्या एसटीत बसवलं, त्या माणसाबद्दल मी आदरानं चार शब्द लिहावेत अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती आत्ताच सोडून द्यावी. लिहीन ते खरं लिहीन. मध्येच कुठं आदर दिसला तर तो माझा नाइलाज समजावा.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. एमबीबीएस होऊन बालरोगाचा डिप्लोमा करायला मी कोल्हापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळात लागले होते. नुकत्या जन्मलेल्या बाळांसाठी वेगळा वॉर्ड ही तेव्हा आमच्या भागात नवलाईच होती. एक लांबट खोली. काचेची पेटी एकच, आणि तीही महिन्यातनं निम्मे दिवस रुसलेली. बाकीची बाळं लाकडी पाळण्यांत, कापसात गुंडाळून ठेवलेली. या वॉर्डाचे प्रमुख म्हणजे आमचे सर. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. बारा महिने अंगात स्वेटर. एप्रिलात कोल्हापूर तापलेलं असताना हा माणूस स्वेटर घालून वॉर्डात यायचा, मध्यभागी उभा राहायचा आणि कपाळावर घाम आला की समाधानानं मान हलवायचा.

"मला घाम फुटला म्हणजे बाळ सुखात हाय," असं त्यांचं म्हणणं.

बाळाला थंडी बाधते या एका गोष्टीनं त्यांना पछाडलं होतं. खिडक्यांना त्यांनी जाड घोंगड्या लावून घेतल्या होत्या. भर दुपारी आत पिवळे बल्ब. आम्ही शिकणारे तिघं डॉक्टर त्या भट्टीत घामेघूम होऊन काम करायचो आणि ड्यूटी संपली की व्हरांड्यात येऊन वाळत घातल्यासारखे उभे राहायचो.

पण भट्टी परवडली, शनिवार नको, असं आमचं मत होतं. शनिवारी सरांची सभा असायची. आठवड्यात जी बाळं दगावली, किंवा जी थोडक्यात वाचली, त्यांच्याबद्दल आमच्यापैकी एकानं फळ्याजवळ उभं राहून सांगायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मग सरांनी. हे शिक्षण. ओपीडी आटोपल्यावर आणि जेवणाच्या आधी हे शिक्षण चालायचं, कारण सरांचा एक सिद्धांत होता. "भरल्या पोटी माणूस स्वतःला लगेच माफ करतो," ते म्हणायचे. आम्ही सकाळपासून कपभर चहावर असायचो. शेजारच्या मेसमधून फोडणीचा वास यायचा आणि सर विचारायचे, "नाळ कशानं कापली हुती?"

पहिल्याच शनिवारी माझी पाळी आली. मी रात्रभर पुस्तकं वाचून तयारी केली होती. उभी राहिले आणि म्हणाले, "पहाटे बाळाचा श्वास अचानक थांबला."

"थांब," सर म्हणाले. "अचानक म्हंजे?"

"म्हणजे... एकदम, सर."

"भूकंप अचानक होतो. बाळ सांगून जातं. आधी दूध ओढायचं कमी करतं, मग रंग बदलतो, मग श्वासात खंड पडतो. ते सांगत असतंय तेव्हा आपण कुठं हुतो, ते सांग. आणि हा शब्द इथं परत नको."

तेव्हापासून त्या खोलीत 'अचानक' हा शब्द कुणी उच्चारला नाही. मला अजूनही तो लिहिताना कचरायला होतं.

माझ्याबरोबर शिकणारा एकजण सांगलीचा होता. हुशार, इंग्रजी फर्डा. त्यानं एकदा सुरुवात केली, "मुलगा, वजन दीड किलो, दिवस पूर्ण न भरलेला..."

"आकाशातनं पडला काय?" सर म्हणाले. "आईचं नाव काय?"

"केसपेपरवर आहे, सर."

"केसपेपरवर असू दे की. तुझ्या तोंडात का न्हाई?"

नाव सांगून सुटका व्हायची नाही. आई कुठली, घरात कोण कोण, दिवसभर काय काम करते, कळा सुरू झाल्या तेव्हा काय करत होती, इस्पितळात कशी आली, बैलगाडीनं की एसटीनं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं. एखाद्या शनिवारी सगळा वेळ या प्रवासातच जायचा. मग सांगलीकर माझ्या कानाशी पुटपुटायचा, "आज बाळ वॉर्डात पोचतच नाही बघ."

मुंबईला शिकणारे आमचे मित्र नव्या नव्या यंत्रांबद्दल पत्रं लिहायचे. आम्ही बैलगाडीचे धक्के मोजत होतो. वैताग म्हणजे काय ते मला तिथं कळलं.

असाच एक शनिवार. पन्हाळ्याच्या बाजूचं एक बाळ आलं होतं, गार पडलेलं. ते वाचलं नाही. मी सांगत होते.

"एसटीत बाई कुठं बसली हुती?" सरांनी विचारलं.

माझ्या पोटात कावळे ओरडत होते. तोंडातून निघून गेलं, "सर, त्यानं काय फरक पडतो?"

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बघून ये की."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. सोमवारी सकाळी माझ्या हातात रबरी पिशवी, एक दुपटं आणि थर्मामीटर आलं. पिशवीत बाळाच्या अंगाइतकं कोमट पाणी भरायचं, त्या आईनं गुंडाळलं होतं तसंच गुंडाळायचं, एसटीनं पन्हाळ्याला जायचं आणि यायचं, आणि वाटेत थर्मामीटर लावून बघायचं. मी हसले. सर हसले नाहीत.

खिडकीशेजारची जागा मिळाली. खिडकीला काच नव्हती. शेजारी एक थोराड बाई येऊन बसली, मांडीवर भाजीची बुट्टी. तिनं माझ्या हातातल्या गाठोड्याकडं कौतुकानं बघितलं.

"किती दिसांचं हाय?"

"नाही, हे बाळ नाही."

"मग काय हाय?"

"पिशवी आहे. गरम पाण्याची."

बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग गळ्याकडं बघितलं. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. ती माझ्याकडं सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "असू दे पोरी. मी कुणाला सांगत न्हाई. पर त्येचं तोंड तरी उघडं ठेव, गुदमरंल की."

पुढं मी थर्मामीटर काढून दुपट्यात घातलं तेव्हा सगळी एसटी मागं वळून बघू लागली. कंडक्टर उठून आला. "ओ बाई, लई आजारी हाय काय? गाडी थांबवू?" मागच्या एका म्हाताऱ्यानं आपलं उपरणं काढून खिडकीत धरलं. मी लाल तोंडानं सगळ्यांना पिशवी उघडून दाखवली. त्यावर जी शांतता झाली ती पन्हाळा येईपर्यंत टिकली.

आणि चिडायची खरी गोष्ट म्हणजे सरांचं बरोबर होतं. घाट लागायच्या आत पिशवी गारढोण झाली होती. येताना ती पुन्हा कोमट पाण्यानं भरून घेतली, आणि एका आजोबांनी मला ड्रायव्हरच्या मागची जागा दिली, इंजिनाजवळची. तिथं ती पुष्कळ वेळ कोमट राहिली. मी हे सगळं शनिवारी सांगितलं. सरांनी शाबासकी दिली नाही. "निरीक्षण अपुरं हाय. दुसऱ्या बाजूला कसं हुतं ते बघितलंस न्हाईच." पण पुढच्या आठवड्यात ते स्वतः एसटी स्टँडवर गेले आणि त्या बाजूच्या गाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना गोळा करून, बाळंतीण आली की तिला इंजिनाशेजारी बसवायचं, असं त्यांच्याकडून कबूल करून घेऊन आले. पुढं त्या बाजूनं येणारी बाळं खरंच ऊबदार येऊ लागली.

माझं मात्र वाटोळं व्हायची वेळ आली. मी आजऱ्याची. त्याच एसटीत माझ्या आत्याची जाऊ कुठंतरी मागं बसली होती आणि मी पिशवी उघडून दाखवायच्या आधीच ती वाटेत उतरली होती. आठवडा संपायच्या आत माझे वडील आजऱ्याहून इस्पितळात हजर. वडील शाळामास्तर. आवाज न चढवता बोलणारे. ते सरांसमोर बसले आणि कसंबसं म्हणाले, "माझ्या मुलीबद्दल काही कानावर आलंय. एसटीत तिच्याजवळ..."

"व्हय की," सर म्हणाले. "ते मीच दिलं हुतं तिला."

वडिलांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

"काय दिलं होतं?"

"बाळ. म्हंजे पिशवी."

मग सरांनी माझ्या वडिलांना खुर्चीत बसवून बाळ गार कसं पडतं यावर तासभर व्याख्यान दिलं, फळ्यावर एसटीचं चित्र काढून. बाहेर आल्यावर वडिलांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. म्हणाले, "तुझ्यावर माझा विश्वास आहे, बाळ. पण लवकर शिक आणि इथनं बाहेर पड."

सरांचा दुसरा हट्ट त्यांच्या डोळ्यांचा. बाळाला कावीळ किती आहे हे ते बघून सांगायचे. छातीवर, पोटावर, तळपायावर अंगठा दाबायचा, उचलायचा आणि खाली कातडीचा रंग बघायचा. रक्त तपासायला पाठवलं तर म्हणायचे, "पाठवा, पाठवा. लॅबवाल्यांना बी काम पाहिजे." आणि निकाल आला की तो त्यांच्या अंदाजाच्या आसपासच असायचा. असं वर्षानुवर्षं बरोबर येत गेलं, हेच पुढं घातक ठरलं.

दस्तगीरभाई म्हणून एकजण होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. त्यांची बायको शमशाद आमच्याकडं बाळंत झाली. मुलगा. थोडा लवकर आलेला, पण चांगला दूध ओढणारा. तिसऱ्या दिवशी सरांनी त्याला तपासलं, अंगठा दाबला, म्हणाले, "थोडी हाय. नेहमीची. उतरंल. घरी न्या." घरची मंडळी आनंदात घेऊन गेली.

चार-पाच दिवसांनी ते बाळ परत आलं. पिवळंधमक. दूध ओढणं थांबलेलं, पाठ धनुष्यासारखी ताणलेली, आणि रडणं असं किरटं की ते ऐकल्यावर सरांनी स्वेटर काढून फेकला. त्यांच्या अंगात शर्ट असतो हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बाळाचं रक्त बदलायला ते स्वतः बसले. थोडं काढायचं, थोडं भरायचं, पुन्हा काढायचं. जागचे हलले नाहीत, कुणाला हात लावू दिला नाही. बाळ वाचलं. पण कावीळ मेंदूपर्यंत पोचली होती. अशा मुलाच्या कानांचं काय होतं हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं.

त्या शनिवारी इस्पितळाचे अधीक्षक आमच्या सभेला आले. ते कधी येत नसत. सरांना बाजूला घेऊन बोलले, पण खोली लहान, सगळं ऐकू येत होतं.

"मूल जिवंत आहे, डॉक्टर. जिवंत बाळाची सभा कशाला? इस्पितळाचं नाव आहे. कशाला उकरून काढताय?"

"जिवंत हाय म्हणूनच," सर म्हणाले आणि फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. आम्ही उभे राहायचो तिथं.

"आईचं नाव शमशाद," त्यांनी सुरुवात केली. "घरी नवरा, सासू. नवऱ्याचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. कळा सुरू झाल्यावर बाई चालत आली, घर जवळच हाय." आम्हाला सांगायला लावायचे तसंच, ओळीनं, काही न गाळता. "तिसऱ्या दिवशी बाळ थोडं पिवळं दिसलं. घरी सोडायचं मी ठरवलं." मग थांबले. "विचारा."

सांगलीकर आपल्या बुटांकडं बघत होता. सरांनी माझ्याकडं बोट केलं.

मी उठले. "सर, बाळ पिवळं दिसलं नव्हतं का?"

"प्रश्न चुकला," सर म्हणाले. "थोडं दिसलं, असं मी सांगितलंच की. ऐकत न्हाईस. नीट विचार."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला त्यांची कीव येत होती. पण स्वतः आरोपीच्या जागी उभा राहूनही हा माणूस माझा प्रश्न तपासत होता! मला असा काही संताप आला की भीती पळाली.

"बाळाला उजेडात नेऊन बघितलं होतं का?"

"न्हाई."

"का नाही?"

"खिडक्यांना घोंगड्या हुत्या. आत बल्बचा उजेड. पिवळ्या उजेडात पिवळं दिसत न्हाई."

"घोंगड्या कुणी लावल्या?"

"मी."

"रक्त तपासायला का पाठवलं नाही?"

मेसमध्ये ताटं वाजत होती. मग ते म्हणाले, "मला वाटलं, मला दिसतंय."

मी खाली बसणार होते. "बसू नको," ते म्हणाले. "एक प्रश्न राहिला. आई-बापाला हे कुणी सांगितलं?"

मी तो प्रश्न विचारला.

"कुणी न्हाई अजून," सर म्हणाले. "चल."

अधीक्षक उठून उभे राहिले. "डॉक्टर, हे इथंच राहू दे. उद्या काय होईल कल्पना आहे का तुम्हाला?" सर दारातून बाहेर पडले होते. मागोमाग मी.

दस्तगीरभाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. हातांना रॉकेलचा वास. सर त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बाळाची कावीळ मला त्या दिवशी कळायला पाहिजे हुती. मी रक्त तपासलं न्हाई. चूक माझी हाय. ह्या डॉक्टरीणबाईंची न्हाई, नर्सची न्हाई. माझी."

"पोरगं वाचलं न्हवं?"

"वाचलं. पर त्येला ऐकू येणार न्हाई असं वाटतंय. आत्ताच नक्की सांगता यायचं न्हाई, पर तसंच वाटतंय."

दस्तगीरभाई समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "मग मी काय करू आता? तुमास्नी मारू काय?"

"मारायचं असंल तर मार."

"तुमास्नी मारून पोराचं कान येणार हाईत काय?" असं म्हणून ते उठले आणि आत बायकोकडं गेले. सर बाकावर बसून राहिले. आतून शमशादचं रडणं ऐकू आलं तेव्हा ते उठायला गेले आणि पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी घोंगड्या उतरल्या. खिडक्यांना काचा बसल्या. रोज सकाळी प्रत्येक बाळाला खिडकीशी नेऊन बघायचं आणि शंका आली की रक्त पाठवायचं, मग डोळ्याला काहीही दिसो, असा नियम झाला. अधीक्षकांनी सरांवरची वॉर्डाची जबाबदारी काही महिने काढून घेतली, पण शनिवारची सभा त्यांना बंद पाडता आली नाही. इतकं सगळं झाल्यावर माणूस मवाळ होईल असं आम्हाला वाटलं होतं. छे! सभेत आता 'मला वाटतं' हे शब्दही चालेनासे झाले. "तुला काय वाटतं ते तुझ्या आईला पत्रात कळव. बघितलंस काय ते सांग." सभा आणखी लांबली. मेसवाला आमची ताटं झाकून ठेवायचा कंटाळा करू लागला.

यथावकाश माझा डिप्लोमा झाला. लग्न झालं, आणि मी कोल्हापुरातच छोटा दवाखाना काढला. सर निवृत्त झाले. त्यांच्या तावडीतून सुटले असं मला वाटत होतं, तोवर एक दिवस दस्तगीरभाई मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा आता शाळेत जायच्या वयाचा. चालताना एक पाय किंचित ओढायचा. छातीवर पट्ट्यानं बांधलेली ऐकायच्या मशीनची डबी, तिच्यातून कानाकडं गेलेली वायर. डोळे मात्र विलक्षण चपळ. मला वाटलं, ताप-खोकला असेल.

"पोराला काय झालं न्हाई, बाई," दस्तगीरभाई म्हणाले. "तुमच्या सरांचं काम हुतं."

"सरांचं?"

"त्यास्नी सांगा की कायतरी. दर ऐतवारी घरी येत्यात. दर ऐतवारी! पोरगं दोन वर्साचं झाल्यापास्नं. मशीन त्यांनीच पुण्याला नेऊन बसवून आणली, ते उपकार हाईतच. पर येत्यात आन् पोराच्या मागं उभं ऱ्हाऊन परात बडवत्यात, वळतंय का बघाया. सगळी गल्ली वळती. माझी आई चुलीकडं तोंड करून बोलली की तिला वरडत्यात, पोराकडं तोंड करून बोला, उजेडात बसून बोला म्हून. शमशादला एकेक शबुद धा-धा येळा म्हणाय लावत्यात. सासरवाडीला जायचं म्हटलं तरी ऐतवार सोडून जावं लागतंय. लई वैताग आलाय, बाई."

मला हसू आवरेना. इतक्या वर्षांत माझं दुःख समजणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता.

"त्यास्नी म्हणावं," दस्तगीरभाई गंभीर होऊन म्हणाले, "आमी तुमास्नी माफ केलंय. कवाच केलंय. शमशादनं बी. मनात काय सुदिक न्हाई. आता येऊ नका म्हणावं, घरी आराम करा."

मी सरांच्या घरी गेले. ते आरामखुर्चीत बसून मशीनचे सेल कापडानं पुसत होते. मी जपून, शब्द निवडून निरोप सांगितला.

"माफीसाठी कोण जातंय?" सर म्हणाले. "पोरगं अजून 'स' म्हणत न्हाई. 'ह' म्हणतंय. 'स' आला की बघू."

"सर, त्याला 'स' ऐकू येतच नसणार. मशीन लावूनही. कसा येईल?"

"तुला वाटतंय," सर म्हणाले, आणि सेल पुसू लागले.

'स' काही आला नाही. पुढं महिन्याभरानं दस्तगीरभाई मला बाजारात भेटले. मी ओशाळून म्हटलं, "मी सांगितलं हो त्यांना. ऐकत नाहीत. तुम्हीच आता कडक व्हा."

"झालो की, बाई," ते म्हणाले. "गेल्या ऐतवारी आतनं कडी घातली. हाक मारली तरी कुणी उठायचं न्हाई म्हून घरात सगळ्यास्नी बजावलं. म्हातारा आला, दार वाजवलं, हाका मारल्या, आन् पायरीवर बसला."

"मग?"

दस्तगीरभाईंनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पोरगं खिडकीत बसलं हुतं, वाट बघत. त्येनं कडी काढली."